मदत हवी आहे: आयपीएफएसवरच्या फाइलचा सीआयडी हातात आहे, पण फाइल उघडत नाही

मंडळी, वडिलांनी आयुष्यभर लिहिलेल्या वह्या मी पानन् पान स्कॅन केल्या. साधारण 60 जीबी झाल्या. एका पिनिंग सेवेमार्फत (फाइलची प्रत सांभाळून ठेवणारी सेवा) आयपीएफएसवर, म्हणजे अनेकांच्या संगणकांचं मिळून बनलेल्या फाइल-जाळ्यावर चढवल्या, नातेवाइकांना लिंका दिल्या आणि आता त्या कायमच्या राहिल्या असं धरून चाललो. मधे त्या सेवेच्या खात्याची मुदत संपली. परवा बहिणीला एक पान दाखवायला गेलो तर चक्र फिरतंय, फिरतंय, आणि शेवटी टाइमआउट. मूळ स्कॅन एका जुन्या हार्ड डिस्कवर आहेत म्हणून जीवात जीव आहे.

सीआयडी म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळख, लिंकेत असते तीच. तो मजकूर कुणी सांभाळेलच याची हमी त्यात नाही, हे आता कळलं.

म्हणून फाइलकॉइन या मोबदला घेऊन फाइली साठवणाऱ्या जाळ्याचं वाचतोय. साठवणारा टोकन (त्या जाळ्याचं डिजिटल चलन) तारण ठेवतो, डेटा डिस्कवर असल्याचा गणिती पुरावा दर 24 तासांनी देतो, चुकला तर दंड. ही रचना मला मनापासून पटली. पण तो पुरावा डेटा आहे एवढंच सांगतो. मी मागितल्यावर तो लगेच परत मिळेल, हे त्यात येत नाही. शिवाय करार मुदतीचा, म्हणजे मुदत विसरलो की पुन्हा तीच गत. तुमच्यापैकी कुणी दोन-तीन साठवणाऱ्यांकडे प्रती ठेवल्यात का? नूतनीकरण कोण बघतं? मधूनमधून फाइल उतरवून तपासता का? टोकनचा भाव पडल्यावर साठवणारे टिकले का?

दुसरं तसंच साठवणीचं जाळं म्हणजे आरवीव्ह. तिथे एकदाच पैसे भरायचे, पुढचा खर्च निधीतून भागतो. पण तिथलं पुसता येत नाही आणि वह्यांत घरच्यांबद्दल बरंच खासगी आहे. एन्क्रिप्ट करूनच टाकेन, तरी ते उघडायची चावी दुसऱ्याच्या हाती लागली तर मागे घ्यायची सोय नाही. याचीच मला जास्त धास्ती वाटते.

आणखी एक, हे सर्वांत तातडीचं. तेच फोल्डर काल माझ्या संगणकावरच्या आयपीएफएस नोडवर (त्या जाळ्याला जोडणारा प्रोग्रॅम) चढवलं, तर सीआयडी वेगळाच आला. फाइलचे तुकडे वेगळ्या आकाराचे पाडले किंवा सीआयडीची आवृत्ती वेगळी असली तर असं होतं म्हणे. त्या सेवेने काय सेटिंग वापरलं होतं ते मला माहीत नाही. तुकड्यांचे (चंकचे) नेहमीचे आकार एकेक करून पाहायचे, की जुन्या सीआयडीवरूनच काही ओळखता येतं? तोच सीआयडी परत आला तर नातेवाइकांकडच्या जुन्या लिंका पुन्हा चालू होऊ शकतील.