प्रतिसाद: 'होतो' दिसलं की इम्परफेक्ट?

वर विचारलंय, मराठीत 'करत होतो' किंवा 'करायचो' आलं की स्पॅनिशमध्ये डोळे मिटून इम्परफेक्ट (चालू असलेल्या किंवा सवयीच्या गोष्टींचा भूतकाळ) वापरावा का? बहुतेक वेळा हो, पण एक ठिकाण हमखास फसवतं. 'मी तिथे दोन वर्षं राहत होतो' याचं स्पॅनिश 'बिबीआ' (बिबीर, म्हणजे राहणे, याचा इम्परफेक्ट) नव्हे, 'बिबी' (साधा भूतकाळ). कालावधी मोजून सांगितला की ती गोष्ट पूर्ण झालेली धरतात आणि साधा भूतकाळ येतो. 'तेव्हा मी तिथे राहायचो' म्हणायचं असेल तर मात्र 'बिबीआ'च.

इम्परफेक्टची रूपं अगदी सोपी आहेत. शेवटी 'आर' असलेल्या क्रियापदांना 'आबा' (आब्लार म्हणजे बोलणे, आब्लाबा), 'एर' आणि 'ईर'वाल्यांना 'ईआ' (कोमेर म्हणजे खाणे, कोमीआ). अनियमित फक्त तीन: सेर (असणे)चं एरा, ईर (जाणे)चं ईबा, बेर (पाहणे)चं बेईआ. 'मी' आणि 'तो/ती' यांचं रूप एकच असतं, म्हणून संदिग्ध वाटलं तर कर्ता स्पष्ट लिहा.

मला सगळ्यात आवडते ती साबेर (माहीत असणे)ची जोडी. इम्परफेक्ट 'साबीआ' म्हणजे मला माहीत होतं, साधा भूतकाळ 'सूपे' म्हणजे मला कळलं. हा फरक आपल्या मराठीत आधीपासूनच आहे, फक्त आपण त्यासाठी वेगळे शब्द वापरतो!