शब्दचर्चा: ‘मॉडरेटर’ म्हणजे नियामक की मध्यस्थ?

प्रश्न: प्रबंधाचा मराठी गोषवारा लिहिते आहे. संख्याशास्त्रातल्या ‘मॉडरेटर’साठी कुठे ‘नियामक चल’ (चल म्हणजे व्हेरिएबल) दिसतं, कुठे ‘मध्यस्थ चल’. काय वापरू? एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल दोन गटांत विभागून ताण आणि झोप यांचा सहसंबंध (कोरिलेशन) काढला. स्त्रियांत −०.३०, पुरुषांत −०.१५, दोन्हीकडे १०३ जणी/जण. पहिला सार्थक (सिग्निफिकंट, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता न येणारा), दुसरा नाही. तेव्हा ‘लिंग हे नियामक चल ठरले’ असं लिहिलं तर चालेल ना?

प्रतिसाद १: ‘मध्यस्थ’ नकोच, तो ‘मीडिएटर’साठी राखून ठेवा. ताणामुळे डोक्यात विचारांचं चक्र सुरू होतं आणि त्यापायी झोप उडते, यात ते चक्र मध्यस्थ. नियामक या साखळीत नसतो. तो बाहेरून ठरवतो की संबंध कोणासाठी किती आणि कोणत्या दिशेनं. बॅरन आणि केनी यांनी १९८६ साली हा भेद नीट मांडला, तरी घोळ अजून संपलेला नाही. एका ठिकाणी ‘सौम्यकारक’ही वाचलं होतं. तो शब्द फसवा, कारण नियामकामुळे संबंध वाढूही शकतो, उलटूही शकतो.

प्रतिसाद २: शब्द ठीक, वाक्य नाही. एक सार्थक आणि दुसरा असार्थक यावरून दोघांतला फरक सार्थक ठरत नाही. फरकाचीच चाचणी करावी लागते. सहसंबंधांची तुलना करता यावी म्हणून फिशरचं झेड रूपांतर घ्या: चिन्ह बाजूला ठेवलं तर ०.३० चे ०.३१०, ०.१५ चे ०.१५१. फरक ०.१५८. त्या फरकाची प्रमाण त्रुटी (योगायोगानं तो साधारण किती हलतो) येते (१/१०० + १/१००) चं वर्गमूळ, ०.१४१ (१०३ मधून ३ वजा होतात म्हणून १००). फरक भागिले त्रुटी १.१२ (हाच झेड), पी सुमारे ०.२६ (खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता). म्हणजे फरक दाखवता आलेला नाही. कॅल्क्युलेटरवर होतं, ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा वापरत असाल तर तिच्यात ‘कोकोर’ पॅकेज आहे.

हे सूत्र दोन स्वतंत्र गटांसाठीच. त्याच माणसांत ताण-झोप आणि ताण-भूक यांची तुलना करायची तर ते दोन सहसंबंध एकमेकांशी जोडलेले असतात, त्याला वेगळी चाचणी लागते. ‘कोकोर’मध्ये तीही आहे.

प्रतिसाद ३: आणि फरक सार्थक आला असता तरी मी ‘नियामक’ लिहायला कचरलो असतो. सहसंबंध गुणांक बिंदू रेषेला किती चिकटून आहेत ते सांगतो. नियमनाचा दावा मात्र बहुधा रेषेच्या उताराबद्दल, म्हणजे ताण एका गुणानं वाढला की झोप किती बदलते याबद्दल असतो. समजा दोन्ही गटांत ताणाचा एक गुण वाढला की झोपेचे २ गुण उतरतात आणि रेषेभोवतीचं प्रमाण विचलन (आकडे किती पसरलेत त्याचं माप) १० आहे. एका गटात ताणाचं प्रमाण विचलन ५, दुसऱ्यात २. सहसंबंध येतील −०.७१ आणि −०.३७! ताणाचा परिणाम तोच, फक्त दुसऱ्या गटात ताणाचे आकडे एकमेकांच्या जवळ.

म्हणून रिग्रेशनमध्ये (आकड्यांना रेषा बसवण्याच्या पद्धतीत) झोपेसाठी ताण, लिंग (एका गटाला ०, दुसऱ्याला १ असा संकेत देऊन) आणि त्यांचा गुणाकार घाला. एसपीएसएसला जोडता येणाऱ्या हेज यांच्या ‘प्रोसेस’ मॅक्रोत (तयार आज्ञावलीत) हे मॉडेल १. गुणाकाराचा सहगुणक म्हणजे उतारांतला फरक, तुमचा प्रश्न तिथे सुटतो. त्या मॉडेलमधला ‘ताण’ या ओळीचा आकडा एकूण परिणाम म्हणून वाचू नका, तो फक्त ० असा संकेत दिलेल्या गटाचा उतार असतो. बरेच प्रबंध इथेच घसरतात.

प्रश्नकर्ती: धन्यवाद. मग गोषवाऱ्यात ‘लक्षणीय फरक आढळला नाही’ लिहू?

प्रतिसाद २: ‘सार्थक’ लिहा. ‘लक्षणीय’ वाचलं की लोकांना ‘मोठा’ वाटतं. ‘दोन गटांतील सहसंबंधांत सार्थक फरक आढळला नाही (झेड = १.१२, पी = ०.२६)’ एवढं पुरे. गुणाकाराचा निकाल आला की त्याचं वेगळं वाक्य करा, आणि ‘नियामक’ हा शब्द त्याच वाक्यात येऊ द्या.