‘आनुवंशिक मुडदूस’ पालकांना कसा सांगावा?

खानापूरकर
खानापूर तालुक्यातल्या पालकांसाठी एका पत्रकाचं मराठी करायला घेतलंय. विषय आहे एक्स गुणसूत्राशी निगडित मुडदूस. मूत्रपिंडं फॉस्फेट धरून ठेवत नाहीत, ते लघवीवाटे जातं, हाडं मऊ राहतात आणि मूल उभं राहून चालायला लागलं की पाय वाकतात. नेहमीच्या मात्रेतल्या ड जीवनसत्त्वानं बरा न होणारा मुडदूस ऑल्ब्राइट या अमेरिकन डॉक्टरांनी १९३७ सालीच नोंदवला होता. या आजाराचं पीएचईएक्स हे जनुक सापडलं १९९५ साली. एवढं सोप्या भाषेत बसलं. अडलं ‘आनुवंशिक’पाशी. एका आजींना मजकूर वाचून दाखवला, तर त्या सुनेकडं वळून म्हणाल्या, “म्हणजे तुझ्या माहेरचं.” दुसरा शब्द सुचवा.

शब्दव्रती
शब्द शुद्ध लिहिलात, आनंद वाटला. हल्ली वर्तमानपत्रांतसुद्धा ‘अनुवांशिक’ छापतात. अनुवंशला ‘इक’ लागला की वृद्धी पहिल्या स्वराची होते, म्हणजे ‘अ’चा ‘आ’ होतो, म्हणून आनुवंशिक. मधल्या ‘व’ला काना द्यायचं कारणच नाही. ‘पारंपारिक’ लिहिणाऱ्यांचंही हेच होतं.

निपाणीच्या बाई
फळ्यावर मीही आनुवंशिकच लिहीत आले. पण डॉक्टर, पेपरवाले, मुलांचे आईबाप सगळे ‘अनुवांशिक’ म्हणतात. लोकांच्या तोंडी रुळलेल्या शब्दाला किती दिवस दाराबाहेर ठेवायचं? पत्रकात ‘पिढीजात’ का नको?

शब्दव्रती
बाई, पिढीजात धंदा असतो, पिढीजात वैर असतं. रोगाला तो शब्द लावला की घराण्यालाच डाग लागतो. ‘जन्मजात’ही नको. या मुलांचे पाय जन्मतः सरळ दिसतात, आणि जन्मतः असलेलं प्रत्येक व्यंग काही आईबापांकडून आलेलं नसतं.

सीमेवरचा डॉक्टर
आजींचा गैरसमज एका शब्दानं जाणार नाही, त्याला दोन-चार वाक्यं खर्च करावी लागतील. सरळ लिहा: वडिलांना हा आजार असेल तर तो त्यांच्या सगळ्या मुलींना येतो, मुलग्यांपैकी एकालाही नाही. आईला असेल तर मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक वेळी शक्यता निम्मी. आणि काही घरांत दोघांनाही नसतो, जनुकातला बदल त्या बाळातच पहिल्यांदा झालेला असतो. त्या घरात कुणाचं माहेर काढणार? म्हणून मी ‘जनुकीय’ म्हणतो.

खानापूरकर
वाक्यं जशीच्या तशी घेतो, डॉक्टर. पण ‘जनुक’ त्या आजींना कसा उलगडून सांगू?

येळ्ळूरचा
माझी हरकत ‘मुडदूस’लाच आहे. आमच्याकडं मूल वाळत चाललं, खाल्लेलं अंगी लागंना, की मुडदूस म्हणतात. पाय वाकले तर ‘फेंगडा’. माझी आत्या शेजारच्या पोराला मुडदूस झालाय म्हणायची, त्याचे पाय सरळसोट होते. मला वाटतं शब्द कन्नड ‘मुरुटु’वरून आला. मुरुटु म्हणजे आक्रसणं, सुरकुतणं. बघा, जुळतंय की ओ.

शब्दव्रती
‘दूस’ कुठून आणलात मग? नुसत्या आवाजाच्या सारखेपणावर व्युत्पत्ती उभी राहत नाही.

येळ्ळूरचा
कन्नडचं नाव निघालं की तुम्हाला पुरावा लागतो. संस्कृतचं काढलं असतं तर लगेच मान डोलावली असती.

सीमेवरचा डॉक्टर
मुडदूस शब्दाची मलाही अडचण होते, पण वेगळी. तो ऐकला की आईबाप मुलाला उन्हात बसवतात, दूध वाढवतात, कॅल्शियमच्या बाटल्या आणतात. या आजारात रक्तातलं कॅल्शियम बहुधा ठीकच असतं. हाडांतच तयार होणारं एफजीएफ-२३ हे संप्रेरक वाढतं आणि ते मूत्रपिंडाला फॉस्फेट सोडायला लावतं. कॅल्शियम पाजण्यात वर्षं जातात, तोवर पाय आणखी वाकतात.

निपाणीच्या बाई
मग ‘फॉस्फेट-गळतीचा मुडदूस’ म्हणा. गळती कुणालाही कळते.

शब्दव्रती
गळती छपराची. शरीरासाठी ‘उत्सर्जन’ हा शब्द आहे.

निपाणीच्या बाई
उत्सर्जन मूत्रपिंडाचं रोजचंच काम. जे राहायला हवं तेच निघून जातंय, हे त्यातून कुठं कळतं?

येळ्ळूरचा
गळती चालेल. पण मुडदूस म्हणजे वाळणं की वाकणं, हे चंदगडकडचं कुणी सांगेल का? तिकडं जुनी माणसं कशाला म्हणतात?