घरातील अडगळ आणि रोजचा कचरा कमी करण्यासाठी मदत हवी आहे

शमीपत्र:
नमस्कार. घरातील अडगळ आणि रोज निघणारा कचरा कमी करण्याचे सोपे, लगेच अमलात आणता येतील असे उपाय हवे आहेत. माळा गच्च भरलेला आहे, पलंगाच्या कप्प्यांत हात घालायला जागा उरलेली नाही, बाल्कनीत नादुरुस्त मिक्सर, जुना खोक्यासारखा टीव्ही आणि पाण्याची तीन पिंपे पडून आहेत. स्वयंपाकघराच्या दाराआड पिशव्या साठवायची जी पिशवी असते, तशा आमच्याकडे चार निघाल्या. सासूबाई एकही वस्तू टाकू देत नाहीत. कमी वस्तूंत कसे जगावे यावरचे लेख मी पुष्कळ वाचले आहेत, त्यामुळे तसा सल्ला कृपया देऊ नये. आज सहा तारीख आहे आणि महिनाअखेरपर्यंत घर निम्मे रिकामे व्हायला हवे.

दुर्वांकुर:
शमीपत्रताई, सुरुवात ओल्या कचऱ्यापासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. आमच्या घरातून गेली नऊ वर्षे भाजीची देठे, फळांची साले, चहाचा चोथा किंवा निर्माल्य यांतले काहीही बाहेर गेलेले नाही. बाजूने भोके पाडलेली मातीची मोठी कुंडी घ्यावी, तळाशी नारळाच्या शेंड्या अंथराव्यात, त्यावर रोजचा कचरा बारीक चिरून टाकावा आणि प्रत्येक थरावर वाळलेला पाला किंवा कोकोपीट पसरावे. विरजण म्हणून जुने खत किंवा आंबट ताक चालते. आठवड्यातून दोनदा खालीवर केले, तर साधारण दोन महिन्यांत मातीसारख्या वासाचे काळे खत मिळते.

कौलारू:
प्रश्नात बरेच काही सांगायचे राहून गेले आहे. आपण कोणत्या गावात राहता, घरात माणसे किती आहेत, आणि माळ्यावरच्या वस्तू नेमक्या कोणाच्या आहेत? भंगार, रद्दी आणि जुने कपडे घेणाऱ्यांची व्यवस्था गावागणिक वेगळी असते, त्यामुळे हे कळल्याशिवाय उपयोगाचे उत्तर देता येणार नाही.

निरंजन७२:
अडगळ म्हटली की झुरळे आलीच. बोरिक पावडर, कणीक आणि साखर दुधात घट्ट मळून तिच्या लहान गोळ्या ओट्याखाली आणि मोरीजवळ ठेवाव्यात, मात्र मुले आणि पाळीव प्राणी यांचा हात वा तोंड तिथे पोहोचणार नाही, याची खात्री करावी. आम्हाला याचा फार चांगला अनुभव आहे.

शमीपत्र:
झुरळे नाहीत. आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. घरात आम्ही दोघे, सासूबाई आणि नववीतला मुलगा. माळ्यावरचे बहुतेक सामान सासूबाईंचे आणि दिवंगत सासऱ्यांचे आहे. त्यात पितळी हंडे, घंगाळ, पाटा-वरवंटा, सुमारे साठ सुती पातळे आणि चाळीस वर्षांचे दिवाळी अंक आहेत. खताची कुंडी मला आत्ता नको आहे.

घाटमाथा:
कुंडी नको म्हणता, ते योग्यच आहे. आम्ही दोन वर्षे बाल्कनीत खत केले. पावसाळ्यात त्यात बोटाच्या पेराएवढ्या अळ्या झाल्या, घरभर चिलटे झाली आणि शेजाऱ्यांनी दुर्गंधीची तक्रार केली. सदनिकेत राहणाऱ्यांनी हा उपद्व्याप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुर्वांकुर:
घाटमाथा, दुर्गंधी येते ती मिश्रणात पाणी जास्त आणि हवा कमी झाली की. कोरडा पाला दुप्पट केला असता आणि कुंडी पावसाच्या झडीपासून आत घेतली असती, तर चार दिवसांत वास थांबला असता. आपण वर्णन करता त्या मोठ्या अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असाव्यात. त्या माणसाला कोणताही अपाय करत नाहीत, उलट कचरा फार वेगाने फस्त करतात.

घाटमाथा:
त्या निरुपद्रवी असतील, परंतु सकाळी पूजेची फुले काढायला गेलेल्या माझ्या आईला त्या फरशीवर दिसल्या आणि त्या दिवसापासून ती बाल्कनीत गेली नाही.

अंगणवेल:
आपण दोघे खतावर वाद घालत आहात, पण ताईंनी कोरड्या कचऱ्याबद्दलही विचारले आहे. पुण्यात बहुतेक भागांत ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचे कचरावेचक दारातून कचरा नेतात. ही संस्था त्यांच्याच मालकीची असून, १९९३ मध्ये सुरू झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या कामातून ती उभी राहिली आहे. आपण दिलेल्या कोरड्या कचऱ्यातून विकण्याजोगे जे निघते, त्यावर त्यांच्या कमाईचा मोठा भाग अवलंबून असतो. म्हणून कागद कोरडा द्यावा आणि दुधाच्या पिशव्या विसळून, वाळवून द्याव्यात. पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा करू नये, तो पिशवीलाच लटकता ठेवावा, कारण एवढासा तुकडा पुढे कोणालाही वेचता येत नाही. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे वर्गीकरण करणाऱ्या बाईंना ते पुडके उघडून पाहावे लागत नाही. आमच्या मजल्यावर ही सवय लागायला वर्ष गेले, आणि तरीही मी दर महिन्याला नव्या भाडेकरूंच्या दारात जाऊन सांगते.

निरंजन७२:
पिशव्यांचा विषय निघाला आहे म्हणून विचारतो. महाराष्ट्रात प्लास्टिक पिशव्यांवर २०१८ पासून बंदी असताना या चार पिशव्या भरल्या कशा? माझ्या मते विक्रेत्यांना दोष देण्याआधी आपण प्रत्येकाने कापडी पिशवी खिशात ठेवली पाहिजे.

कौलारू:
निरंजनकाका, तो महत्त्वाचा विषय आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढावा. शमीपत्र, मला एक गोष्ट समजलेली नाही. वर्षानुवर्षे साठलेली अडगळ याच महिन्याच्या अखेरीस निम्मी का व्हायला हवी? घरात कार्य आहे की रंगकाम?

शमीपत्र:
आमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला आहे. महिनाअखेरीस जागेचा ताबा विकसकाला द्यायचा आहे आणि आम्ही भाड्याच्या एका बेडरूमच्या घरात जात आहोत. ते तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. निदान तीन वर्षे तिथेच काढायची आहेत. कारण सांगण्याची आवश्यकता मला वाटली नव्हती, शेवटी आवरायचे ते आवरायचेच आहे.

कौलारू:
हे पहिल्याच वाक्यात आले असते, तर आम्ही सर्वांनी वेगळी उत्तरे दिली असती. आपल्या सासूबाई या घरात किती वर्षे राहत आहेत?

शमीपत्र:
अडतीस वर्षे.

कौलारू:
मग काय टाकायचे, हे त्यांना विचारू नका, बरोबर काय न्यायचे ते विचारा. आम्ही आईला वाड्यातून सदनिकेत आणले, तेव्हा पहिले पंधरा दिवस मी तिला एकेक डबा दाखवून ‘हा देऊन टाकू का’ असे विचारत होतो, आणि प्रत्येक डब्याला तिचा नकार ठरलेला होता. शेवटी नव्या स्वयंपाकघरातल्या फळ्यांची आणि कपाटाची मापे आणून मी ती दिवाणखान्याच्या फरशीवर खडूने आखली आणि या चौकोनांत जे मावेल ते आपले, एवढेच तिला सांगितले. तिने दोन दिवस त्या चौकोनांत डबे मांडले, काढले, पुन्हा मांडले. तिसऱ्या दिवशी तिने स्वतः धाकट्या बहिणीला फोन करून उरलेले डबे घेऊन जायला सांगितले. वस्तू तिची होती आणि ती कोणाच्या घरी जाणार हेही तिनेच ठरवले, म्हणून ते झाले. सासऱ्यांच्या वस्तूंसाठी एक लहान पेटी वेगळी ठेवा आणि तिच्यातल्या वस्तूंची चर्चाच काढू नका.

जोत्यावरून:
मी आमच्या सोसायटीचा सचिव होतो आणि आमच्याही इमारतीचा पुनर्विकास झाला, म्हणून कळकळीने सांगतो. रद्दीला हात लावण्याआधी कागदपत्रांचा दिवस वेगळा ठेवा. भागपत्र म्हणजे शेअर सर्टिफिकेट, मूळ खरेदीखत, इंडेक्स टू म्हणजे दस्तनोंदणीचा उतारा, नामनिर्देशनाची प्रत, कर्ज फिटल्याचा दाखला आणि विकसकाबरोबर झालेला करार एका पेटीत घालून ती पेटी टेम्पोत न चढवता स्वतःच्या हाताने न्यावी. सासऱ्यांच्या मृत्यूनंतर भागपत्रावर नाव बदलले आहे का, हेही आताच पाहावे. आमच्याकडे एका सभासदाचे भागपत्र दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यातून रद्दीत गेले, आणि दुय्यम प्रत मिळवताना त्यांना फार त्रास झाला. चाळीस वर्षांचे अंक देणार असाल, तर प्रत्येक अंक बांधणीकडून उलटा धरून झटकावा.

अंगणवेल:
बाल्कनीतला टीव्ही सुटे भाग काढणाऱ्या कोणालाही देऊ नका. जुन्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते आणि ती फोडली की ते फोडणाऱ्याच्या आणि मातीच्या वाट्याला जाते. ‘स्वच्छ’कडून जुने कपडे, फर्निचर आणि ई-कचरा यांचे ‘व्ही कलेक्ट’ नावाचे संकलन होते, आपल्या भागात ते केव्हा आहे याची आजच चौकशी करावी. ट्यूबलाइट आणि सीएफएल दिव्यांत पारा असतो, ते न फोडता वेगळे द्यावेत. पातळांसाठी मात्र माझा एकच आग्रह आहे, गोधडी शिवून घ्या. एका गोधडीला पाच-सहा जुनी सुती पातळे सहज लागतात.

दुर्वांकुर:
परिस्थिती कळली, आत्ता कुंडी सुरू करू नये हे मला मान्य आहे. मात्र नव्या घरात खिडकीपाशी जागा असेल, तर लहान कुंडी जरूर ठेवावी. तिसऱ्या मजल्यावरून रोज ओल्या कचऱ्याची बादली उतरवण्यापेक्षा ती सोयीची ठरेल.

शमीपत्र:
आज एकवीस तारीख आहे, झालेले कळवते. भागपत्र अंकांत नव्हते, परंतु सासऱ्यांच्या नोकरीचे नियुक्तिपत्र एका अंकात सापडले आणि त्या संध्याकाळी पुढचे काम झाले नाही. नंतर फरशीवर खडूने चौकोन आखले. सासूबाईंनी पितळेतला एक हंडा आणि घंगाळ ठेवले, बाकीचे नणंदांना दिले. पातळांपैकी बारा त्यांनी नेसण्यासाठी काढली आणि गोधडीसाठीची अठरा स्वतः निवडली. गोधडी नातवाच्या नावाने करायची, असे त्यांचे म्हणणे आहे. उरलेली तीस आणि टीव्ही, मिक्सर संकलनात दिले. पिंपे रखवालदारांच्या गावी गेली. दिवाळी अंक एका ग्रंथालयाने न पाहताच नाकारले, दुसऱ्याने जुने तेवढे निवडून घेतले, अजून पाच गठ्ठे पडून आहेत. पाटा-वरवंटा सासूबाई सोडायला तयार नाहीत आणि सामान हलवणारे त्याचे वेगळे पैसे मागत आहेत. ते द्यावेत का?

कौलारू:
द्यावेत. वरवंटा मात्र तुम्ही स्वतः पिशवीतून न्या, आणि पाटा टेम्पोत उभा न ठेवता आडवा, गाद्यांच्या खाली ठेवायला सांगा.