चिनी पॉपमधले चोरीचे आरोप: ‘आठ बार’चा नियम खरा आहे का?

मँडोपॉपवेडी
वेबो आणि बिलिबिली या चिनी सोशल मीडिया साइट्सवर सतत कोणतं ना कोणतं गाणं ‘ढापलेलं’ ठरत असतं. पुरावा म्हणून दोन गाणी एकावर एक लावलेला व्हिडिओ येतो आणि खाली कॉमेंट्स पडतात: “आठ बार सारखे, म्हणजे चोरी.” (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट.) चीनच्या कायद्यात असा आकडा खरोखर आहे का? आणि एकावर एक लावून ऐकणं कितपत भरवशाचं?

कलमबहाद्दर
आठ बारचा आकडा कायद्यात कुठेही नाही, ती निव्वळ आवई आहे. चिनी न्यायालयं दोन गोष्टी बघतात: आधीचं गाणं दुसऱ्याच्या कानावर पडायची संधी होती का, आणि दोन्हींत ठळक साम्य आहे का. गाणं आधीच जाहीर झालेलं असेल तर पहिला मुद्दा सहसा सुटतो. खरी मारामारी दुसऱ्यावर. तिथे आधी सगळ्यांच्या मालकीचं ते वजा करतात (लोकधून, रुळलेल्या स्वरावली) आणि उरलेल्यात काय जुळतं ते बघतात.

यासाठी उसुरी नदीवरच्या नाविकगीताचा खटला वाचाच. गायक ग्वो सोंग यांच्या नावावर असलेल्या या गाण्याविरुद्ध चीनमधल्या हेजे या अल्पसंख्याक समाजाच्या गावाने दावा लावला. तज्ज्ञांनी चालीचे तुकडे पाडले: सुरुवात आणि शेवट नव्याने रचलेले, पण मधल्या भागाची मुख्य चाल हेजे लोकधुनांचीच. 2002 मध्ये निकाल लागला, 2003 मध्ये बीजिंगच्या उच्च न्यायालयाने तो कायम केला: यापुढे गाणं वापरताना ‘हेजे लोकधुनेवरून रूपांतरित’ असं लिहायचं. बार मोजत कोणी बसलं नाही.

काळीपाच
एकावर एक लावलेल्या व्हिडिओंवर अजिबात भिस्त ठेवू नका. बनवणारा आधी एका गाण्याची पट्टी सरकवतो, लय ताणतो, मग सोयीचे दोन-चार बार उचलतो. मँडोपॉपमध्ये (मँडरीन भाषेतल्या पॉपमध्ये) 4-5-3-6-2-5-1 हा कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजवायच्या स्वरसमूहांचा, क्रम पैशाला पासरी आहे; आकडा म्हणजे सप्तकातला कितवा स्वर पायाला. त्यावरची कुठलीही दोन गाणी एकत्र वाजवा, बेसूर वाटणार नाहीत, कारण खालचे कॉर्ड एकच. चाली मात्र पार वेगळ्या असू शकतात. अशा क्रमावर कोणाची मालकी नसते.

खरी तपासणी कागदावर होते. दोन्ही गाण्यांतली फक्त गायलेली चाल चिनी अंकलिपीत उतरवा. तिच्यात 1 म्हणजे सा, पट्टी कोणतीही असो, त्यामुळे पट्टीचा प्रश्न मिटतो. आपल्याला सरगममध्ये लिहिलं तरी तेच. मग बारखाली बार मांडा आणि जोरकस मात्रांवरचे स्वर आधी बघा. तयार चाल थोडी फिरवून नवी म्हणून खपवणं, ज्याला तिकडे गाणं ‘धुणं’ म्हणतात, ते इथेच पकडलं जातं. मी रचलेला नमुना:

मूळ: ग प ध प | ग रे सा रे
धुतलेली: ग ग ध सां | ग प सा ग

दुसरी-चौथी मात्रा बदलली, पहिली-तिसरी जशीच्या तशी. एकदाच असं झालं तर योगायोग म्हणा. मुखडाभर झालं, शिवाय ओळी तिथेच तुटत असतील आणि श्वासही त्याच जागी असेल, तर संशयाला जागा आहे.

‘चिनी ढंगा’च्या गाण्यांना मात्र थोडी सूट द्या. त्यांचे पाच स्वर म्हणजे सा रे ग प ध, आपला भूपच. पाचच स्वर हाताशी असले की चार-पाच स्वरांचे तुकडे आपोआप जुळतात.

श्रेयनामावली
आरोप करण्याआधी संगीतकाराचं नाव तरी वाचा! गायिका फे वाँगचं 1992 चं गाजलेलं कँटोनीज गाणं जपानी गायिका-संगीतकार मियुकी नाकाजिमाच्या चालीवर आहे, गायिका रेने लिऊचं सगळ्यांना पाठ असलेलं गाणं किरोरो या जपानी जोडीच्या चालीवर. दोन्ही परवानगी घेऊन केलेली, श्रेयात मूळ नाव छापलेलं. तरी दरवेळी कोणीतरी नव्याने ‘शोध’ लावतंच.

मँडोपॉपवेडी
आणि साम्य पक्कं निघालं तर? खटले इतके कमी का दिसतात?

कलमबहाद्दर
कारण बरंचसं बाहेरच मिटतं. 2010 च्या शांघाय एक्स्पोचं प्रचारगीत जपानी गायिका मायो ओकामोतोच्या 1997 च्या गाण्यासारखं असल्याची ओरड झाली. आयोजकांनी एप्रिलमध्ये वापर थांबवला, तिच्या कार्यालयाकडे परवानगी मागितली आणि तिने ती दिली. मिटलं.

कोर्टात गेलंच, तर नुकसान, कमाई किंवा परवानगीचं शुल्क यांचा हिशेब लागत नसेल तेव्हा न्यायालय 500 ते 50 लाख युआनच्या दरम्यान भरपाई ठरवतं. ही मर्यादा 1 जून 2021 पासूनची, आधी कमाल 5 लाख होती. जाणूनबुजून केलेलं गंभीर उल्लंघन असेल तर एक ते पाच पट दंडात्मक भरपाईही मिळू शकते. दावा लावायची मुदत साधारणपणे उल्लंघन कळल्यापासून तीन वर्षं.

लोक नेमके पुराव्यात मार खातात. समोरचा गाणं काढून टाकतो आणि हातात नुसते स्क्रीनशॉट उरतात. आधी नोटरीकडून किंवा टाइमस्टॅम्प सेवेने (जी तारीख-वेळेचा शिक्का मारते) पानाची नोंद करून घ्या, मगच नोटीस पाठवा. रचनेच्या कच्च्या फाइली तारखांसकट जपा. कॉपीराइट नोंदणीचं प्रमाणपत्र कामाचं आहे, पण ते प्राथमिक पुराव्यापुरतंच, कारण नोंदणी करताना चाल अस्सल आहे का हे कोणी तपासत नाही. आणि वेबोवर थेट ‘चोर’ लिहू नका. सिद्ध झालं नाही तर बदनामीचा दावा उलट तुमच्यावरच येईल. स्वरलिपी टाका, साम्य दाखवा आणि तिथेच थांबा.