प्लॉट तुमचा, गाजरगवत आमच्या नाकात

शिंकणारा शेजारी:
काल इथे एका सज्जनांनी महापालिकेच्या नोटिशीचा फोटो टाकला. वर लिहिलं, 'प्लॉट माझा, कर मी भरतो, गवत वाढो की जंगल होवो, सात दिवसांत साफ करा म्हणणारे हे कोण?' खाली टाळ्यांचा पाऊस. उत्तर लिहायला बसलो तर लांबलं, म्हणून वेगळा धागा.

ते कोण, ते सांगतो. माझ्या बेडरूमच्या खिडकीला लागून असाच एक 'कर भरलेला' प्लॉट आहे. मालक पुण्याला. कुंपण नाही, पाटी मात्र ठसठशीत: 'ही जागा विकणे नाही'. पाऊस पडला की गाजरगवत गुडघ्याला, पोळ्यापर्यंत कमरेच्या वर. पांढरी फुलं आली की बायकोच्या पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या खोबणीत चट्टे उठतात. त्वचेचे डॉक्टर म्हणाले, 'त्या गवतापासून लांब राहा.' लांब म्हणजे कुठे, घर विकून? एकेक झाड हजारोंनी बी टाकतं आणि त्या बियांना तुमचा सातबारा वाचता येत नाही. वर मलबा, डबकी, डास. गेल्या पावसाळ्यात घोणस निघाली. जागा विकायची वेळ आली की 'माझी मालमत्ता', घोणस निघाली की 'सर्पमित्राला बोलवा'.

नोटीस उशिरा आली एवढीच माझी तक्रार आहे.

पाटीवाला:
तो सज्जन मीच. चट्ट्यांबद्दल वाईट वाटलं, खोटं नाही. पण मलबा कोणी टाकला? प्लॉट नावावर झाला तेव्हा सपाट होता. शेजारी घरं बांधली गेली, फुटक्या टाइल्स आणि सिमेंटच्या गोण्या माझ्या जागेत. जेसीबी लावून साफ केला, पुढच्या पावसात पुन्हा जैसे थे. आणि चौकातल्या उद्यानासाठी राखीव जागेत पुरुषभर गवत आहे. ती कोणाची? नोटीस पाठवणाऱ्यांचीच. त्यांना सात दिवस कोण देणार?

वकीलकाका:
दोघांनी श्वास घ्या. सार्वजनिक उपद्रव असेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे कोणीही जाऊ शकतं. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) कलम 133, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 152. आणि पाटीवाले, तुमच्या फोटोत मागे सुबाभूळ दिसतेय. जोशात तीही पाडू नका. 1975 च्या झाडांच्या कायद्यानुसार शहरात स्वतःच्या जागेतल्या झाडालाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते.

पाटीवाला:
म्हणजे एक खातं म्हणतं साफ करा, दुसरं म्हणतं हात लावू नका. झकास.

डॅलसकर:
आमच्याकडे बारा इंचाच्या वर गवत गेलं की शहराची नोटीस. नाही कापलं तर ते कापतात आणि बिल तुम्हाला. विषय संपला. आपल्याकडे शिस्तच नाही हो.

पाटीवाला:
आलेच. त्याच अमेरिकेत, फ्लोरिडातल्या डनिडन गावात 2018 साली एक माणूस वारलेल्या आईच्या घराचं आवरायला परगावी गेला. गवत कापणारा माणूस मध्येच मेला. गवत दहा इंचाच्या वर गेलं, रोजचा दंड 500 डॉलर, परत येईपर्यंत आकडा तीस हजारांच्या आसपास. गावाने घरावर जप्ती आणायची तयारी केली. ही शिस्त पाहिजे का?

डॅलसकर:
ते फ्लोरिडा. मी टेक्सासबद्दल बोलतोय.

विदर्भाचा वाघ:
डॅलसकर, गाजरगवत तुमच्याच खंडाची भेट आहे. पीएल-480 च्या, म्हणजे अमेरिकेच्या धान्यमदतीच्या गव्हातून आलं. आधी ते परत न्या, मग शिस्त शिकवा.

वकीलकाका:
गवत पुण्यात नोंदलं गेलं 1955 ला. पीएल-480 चा करार 1956 चा. तारखा जुळत नाहीत.

विदर्भाचा वाघ:
1951 ला अमेरिकेचा कर्जाऊ गहू आलाच होता की. तारखांचं मला सांगू नका.

तरोटाप्रेमी:
भांडा, पण एक ऐका. जेसीबीने खरवडलेल्या उघड्या मातीत सगळ्यात आधी गाजरगवतच उगवतं. खरवडा, नोटीस, पुन्हा खरवडा, हे पिढ्यान्पिढ्या चालेल. तरोटा, म्हणजे टाकळा, दाट येऊ दिला तर तो त्याला दाबतो, वर कोवळ्या पानांची भाजी मिळते ती वेगळी (रस्त्याकडेचा नको). गाजरगवत फुलायच्या आत, आषाढ-श्रावणात, माती ओली असताना हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. नुसतं छाटलं तर बुडातून फुटतं. नोटीस येते दसऱ्यानंतर, तोवर बी पडून मोकळं. म्हणजे नोटिशीनंतर मशीन फिरवणारा मालक नियम पाळून बी पसरवतो.

शिंकणारा शेजारी:
उपटणार कोण? तुम्ही? आमच्याकडे मजूर हात लावत नाहीत, अंगाला खाज सुटते म्हणतात.

कढीपत्ता:
उपटत बसू नका पण फवारणी तर अजिबात नको. आमच्या शेजाऱ्याने रिकाम्या प्लॉटवर तणनाशक मारलं, वारा आमच्याकडे. सासूबाईंनी लावलेला कढीपत्ता गेला. आख्खी गल्ली त्यावर फोडणी घालायची.

डॅलसकर:
ग्लायफोसेट. 2022 ला केंद्राने ते फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांच्या हाती दिलं. तक्रार करा.

कढीपत्ता:
कोणतं ते त्याने सांगितलंच नाही. शेंडे पिळवटले, पानं वळून दोरीसारखी झाली.

तरोटाप्रेमी:
मग ते ग्लायफोसेट नव्हे, 2,4-डी नावाचं दुसरं तणनाशक. शेंडे पिळवटणं हीच त्याची खूण. गवत राहतं आणि रुंद पानाचं सगळं मरतं. तुमचा कढीपत्ता रुंद पानाचाच.

विदर्भाचा वाघ:
एवढं कशाला? मिठाचं पाणी मारा. स्वस्त आणि मस्त.

तरोटाप्रेमी:
वारंवार मारा, म्हणजे तिथे दुसरं काही उगवणारही नाही. प्लॉट आहे, लोणच्याची बरणी नाही.

कढीपत्ता:
माझं झाड गेलं आणि तुम्हाला विनोद सुचतायत. बाईमाणसाचं झाड म्हणून कोणी मनावर घेत नाही. पुरुषाची मोटारसायकल खरचटली असती तर पोलीस आले असते.

तरोटाप्रेमी:
ताई, तो टोला वाघोबांना होता. अजून जिवंत असेल तर पिळवटलेला भाग खालपर्यंत छाटा, पाणी द्या. बुडाशी पिल्लं असतील तर एक काढून कुंडीत लावा.

कढीपत्ता:
पिल्लं आहेत. पण तो शेजारी पुन्हा फवारणार. त्यालाही परवाच नोटीस आलीय.

पाटीवाला:
बघा, नोटिशीचा उद्योग. माणूस घाबरून विष मारतो. शिंकणारे, तुमच्या बायकोला हवेतलं ते 2,4-डी चालणार का?

शिंकणारा शेजारी:
नाही चालणार. म्हणून 'गवत वाढो की जंगल होवो' बरोबर ठरत नाही. आषाढात माणूस पाठवायचा होता, पाठवला नाहीत. नोटीस त्याचीच.

पाटीवाला:
बरं बाबा, जिंकलात. पुढच्या आषाढात मजूर पाठवतो, हातमोज्यांसकट. पण मलबा ज्याचा त्याने उचलायचा. तुमच्या गेटला कोणत्या टाइल्स आहेत?

शिंकणारा शेजारी:
तपकिरी. का?

पाटीवाला:
फोटो झूम करून बघा, सुबाभळीच्या बुडाशी.