जर्मनीत गाडी भाड्याने घेऊन इटली-स्वित्झर्लंड : नागपुरातून निघण्याआधी काय करून ठेवावं?

मनीषनगर_वाटसरू

नमस्कार मंडळी. सप्टेंबरचं नागपूर–दोहा–म्युनिक तिकीट काढलं आहे. आई-बाबा, बायको आणि मी, असे चौघं. गाडी म्युनिक विमानतळावर घ्यायची, इन्सब्रुक, व्हेरोना, फ्लोरेन्स, कोमो, ल्युसर्न करत अकराव्या दिवशी तिथेच परत द्यायची, असा बेत आहे.

लायसन्स दोघांकडेही एमएच ३१ चं आहे. माझं पुढच्या फेब्रुवारीत संपतं. चांगल्या लिमिटचं क्रेडिट कार्ड मात्र बायकोच्या नावावर, आणि मी बुकिंग माझ्या नावाने करायला निघालो होतो. इन्शुरन्सच्या पानावर तीन-चार प्रकार दिसतात, त्यातलं काय घ्यावं कळत नाही. आरटीओत काय लागतं, काउंटरवर काय विचारतात आणि रस्त्यावर कशाने दंड बसतो, हे जाणकारांनी सविस्तर सांगावं ही विनंती.

---

रविनगरकर

भाऊ, बुकिंग करण्याआधी नावांचं निस्तरा. मुख्य चालक ज्याच्या नावाने असेल, क्रेडिट कार्डही त्याच्याच नावाचं लागतं. बायकोचं कार्ड आणि बुकिंग तुमचं, असं चालत नाही. बायको शेजारी उभी राहून सही करायला तयार असली तरी बहुतेक काउंटरवर नकार मिळतो, आणि आगाऊ भरलेले पैसे परत मिळण्याची खात्री नसते. तुमच्या बाबतीत सरळ उपाय असा की बुकिंग वहिनींच्या नावाने करा आणि तुम्ही ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर’ व्हा. त्याचे दिवसाप्रमाणे पैसे लागतात, पण नाव करारात नसताना तुम्ही गाडी चालवली आणि ठोकली तर गाडीचं इन्शुरन्स कव्हर रद्द होऊ शकतं.

आपल्याकडे आणखी एक घोळ असतो. लायसन्स माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने, कार्डावर नुसती आद्याक्षरं आणि आडनाव. तिकडच्या माणसाला तिन्ही गोष्टी एकाच बाईच्या आहेत हे कसं कळणार? आडनावं जुळत नसतील तर आधी लायसन्सवर नावाचा बदल करून घ्या.

आता आयडीपी, म्हणजे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. परिवहनच्या सारथी पोर्टलवर फॉर्म ४ए भरायचा, फी १००० रुपये. चालू लायसन्स, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट यांच्या प्रती आणि फोटो तयार ठेवा. आरटीओत व्हिसाची प्रत मागू शकतात म्हणून शेंगेन व्हिसाचा अर्ज लवकर टाका. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो करता येतो. व्हिसा आणि विमान यांच्यात आरटीओसाठी दोन-तीन आठवडे मोकळे राहिले पाहिजेत. गाडी दोघं चालवणार असाल तर आयडीपी दोघांचे वेगवेगळे लागतील.

परमिटची मुदत एक वर्ष किंवा लायसन्स संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. तुमचं फेब्रुवारीपर्यंत आहे, म्हणजे सप्टेंबरला अडचण नाही. नूतनीकरण मुदतीच्या एक वर्ष आधीपासून करता येतं, पण ऑगस्टमध्ये तो उद्योग करू नका. नवं स्मार्ट कार्ड पोस्टाने येतं आणि नेमकं निघायच्या दिवशी हातात कार्डच नाही, अशी वेळ येऊ शकते. एक तर आत्ताच करा, नाही तर परत आल्यावर. डिजिलॉकर आणि एमपरिवहन आपल्या ट्रॅफिक पोलिसांपुरते. तिकडे मूळ कार्डच दाखवावं लागतं आणि त्याच्याशिवाय आयडीपीला काही अर्थ नाही.

इंटरनेटवर ‘१० वर्षं वैध इंटरनॅशनल लायसन्स’ विकणाऱ्या साइट दिसतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. आपला परमिट १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा असतो आणि तो एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा नसतोच.

---

मेधा_त्रिमूर्तीनगर

इन्शुरन्सचं मी लिहिते.

युरोपात तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचं कव्हर भाड्यातच असतं. प्रश्न तुमच्या ताब्यातल्या गाडीचा. सीडीडब्ल्यू (कोलिजन डॅमेज वेव्हर) नावाचं, गाडीच्याच नुकसानीचं कव्हर बहुधा भाड्यात धरलेलं असतं, पण त्यात ‘एक्सेस’ असतो. म्हणजे अमुक रकमेपर्यंतचं नुकसान तुम्ही सोसायचं, त्यावरचं कंपनी. समजा एक्सेस १२०० युरो आहे. दाराला ओरखडा गेला आणि दुरुस्ती ४५० युरोची निघाली, तर ते ४५० पूर्ण तुमचे, वर कागदपत्रांची हाताळणी फी. दुरुस्ती ३००० ची निघाली तर तुमचे १२००. हा आकडा बुकिंगच्या अटींमध्ये असतो, तो शोधून लिहून ठेवा. दिवसाच्या भाड्यात दोन युरो वाचतात म्हणून दुप्पट एक्सेसची गाडी घेण्यात शहाणपण नाही.

डिपॉझिट म्हणून साधारण हीच रक्कम कार्डावर अडकवतात, वर टाकीभर इंधनाचे पैसे. १२०० अधिक २०० युरो म्हटलं तर, युरो १०० रुपयांच्या आसपास धरून, १ लाख ४० हजार रुपये होल्डवर जातात. कार्डाचं लिमिट दीड लाख असेल तर पुढे हॉटेलला काय देणार? त्यामुळे दुसरं कार्ड सोबत हवं. गाडी परत दिल्यावरही होल्ड सुटायला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे लागतात. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर हे डिपॉझिट बहुतेक ठिकाणी घेत नाहीत.

कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून तो आपोआप चालू नसतो. नुसतं बटण दाबून थांबू नका, खाली परदेशी व्यवहाराची वेगळी मर्यादा असते, ती वाढवा. काउंटरवर मशीन ‘रुपयांत की युरोत?’ विचारेल, तिथे युरो निवडा. रुपये निवडले तर दर त्यांच्या मर्जीचा लागतो.

आणि सीडीडब्ल्यूमध्ये काय येत नाही ते नीट वाचा. टायर, काचा, गाडीचं पोट, छत, हरवलेली चावी आणि चुकीचं इंधन या गोष्टी साध्या कव्हरमधून सहसा वगळलेल्या असतात. फुटपाथच्या धारदार कडेला घासून टायर फाटणं हे अरुंद गल्ल्यांत सर्रास होतं आणि त्याचे पैसे खिशातून जातात. म्हणून एक्सेस शून्यावर आणणारं आणि टायर-काचा धरणारं पॅकेज मी घ्या म्हणेन, तेही शक्यतो गाडी देणाऱ्या कंपनीचंच.

---

धंतोली_काका

मेधाताईंचं बाकी सगळं बरोबर, शेवटच्या वाक्यावर थोडं वेगळं मत आहे. काउंटरवर मिळणारं शून्य-एक्सेस कव्हर महाग पडतं, ११ दिवसांचं तर गाडीच्या भाड्याएवढंही होऊ शकतं. बुकिंग साइटवर मिळणारं ‘फुल प्रोटेक्शन’ त्यापेक्षा बरंच स्वस्त असतं. मात्र त्याची रीत समजून घ्या. नुकसान झालं तर कंपनी आधी तुमच्या कार्डावरून पैसे कापते, मग तुम्ही साइटकडे दावा लावायचा. डिपॉझिटचा होल्ड तसाच राहतो आणि काउंटरवरचा माणूस ‘हे आमच्याकडे चालत नाही’ म्हणेल, तेही खरंच असतं.

दाव्यासाठी करार, नुकसानीचा अहवाल, दुरुस्तीचं बिल, पैसे कापल्याचं स्टेटमेंट आणि अपघात असेल तर पोलिसांचा कागद लागतो. एवढे कागद जमवायची तयारी असेल आणि कार्डाला लिमिट असेल तर साइटचं घ्या. आई-बाबा सोबत आहेत, डोक्याला ताप नको असेल तर मेधाताई म्हणतात तसं करा. दोन्ही मात्र घेऊ नका. काउंटरवर थकलेल्या माणसाला स्क्रीनवर चार सह्या करायला लावतात, त्यात दुसरं पॅकेज नकळत चिकटतं. ‘एकूण’ हा आकडा तुमच्या व्हाउचरशी ताडून मगच सही करा.

अपघात किरकोळ असला तरी जर्मन कंपन्यांच्या करारात पोलिसांना बोलावण्याची अट सहसा असते. नंबर ११२. ग्लोव्ह बॉक्समध्ये युरोपियन अपघात-अहवालाचा छापील फॉर्म असतो. त्याची मांडणी सगळ्या भाषांत एकच असते, रकान्यांचे क्रमांकही तेच. म्हणून त्याची इंग्रजी प्रत नागपुरातूनच छापून न्या, म्हणजे इटालियन फॉर्ममध्ये काय भरतो आहोत ते कळेल.

---

फुटाळा_ते_फ्लोरेन्स

रस्त्याचं माझ्याकडे. तुमच्या मार्गावर टोलच्या तीन वेगळ्या पद्धती आहेत.

जर्मनीत कारला टोल नाही. ऑस्ट्रियात हायवेला विग्नेट लागतं, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोल आगाऊ भरल्याचं स्टिकर किंवा डिजिटल नोंद. तुम्हाला १० दिवसांचं पुरेल. सीमेआधीच्या पेट्रोल पंपावर मिळतं. गाडीला आधीपासून लावलेलं आहे का ते काउंटरवर विचारा. डिजिटल विग्नेट गाडीच्या नंबरवर निघतं आणि नंबर तुम्हाला चावी मिळेपर्यंत कळणार नाही, त्यामुळे नागपुरात बसून ते काढता येत नाही. इन्सब्रुकच्या दक्षिणेला ब्रेनरचा रस्ता विग्नेटमध्ये येत नाही, त्याचा टोल वेगळा. अकराव्या दिवशी विग्नेट संपलेलं असेल, पण ल्युसर्नहून ब्रेगेंझमार्गे येताना होहेनेम्स ते जर्मन सीमा हा तुकडा डिसेंबर २०१९ पासून विग्नेटमुक्त आहे. त्या दिवसासाठी वेगळे पैसे घालवू नका.

स्वित्झर्लंडचं विग्नेट वर्षाचंच मिळतं, ४० फ्रँक. स्विस गाडीला ते लावलेलं असतं, जर्मन गाडीला असेलच असं नाही. नसताना सापडलात तर २०० फ्रँक दंड आणि विग्नेटचे पैसे वेगळे. कोमोहून ल्युसर्नला जाताना सतरा किलोमीटरचा गॉटहार्ड बोगदा त्यातच येतो, पण शनिवार-रविवारी तिथे रांगा लागतात.

इटलीत नाक्यावर तिकीट घ्यायचं आणि उतरताना पैसे द्यायचे. पिवळ्या ‘टेलेपास’ लेनमध्ये शिरू नका, ती आपल्या फास्टॅगसारखी आहे. निळी कार्डाची, पांढरी रोख पैशांची.

सगळ्यात जास्त दंड बसतात ते इटलीतल्या झेडटीएलचे. जुन्या शहरात ठरलेल्या वेळी बाहेरच्या गाड्यांना बंदी असते आणि प्रवेशावर कॅमेरा असतो, माणूस नसतो. पांढरी गोल पाटी, लाल कड आणि खाली वेळा. शेजारी दिव्यांच्या पाटीवर ‘वार्को आत्तीवो’ असेल तर बंदी चालू आहे, ‘वार्को नॉन आत्तीवो’ असेल तर जाता येतं. मॅप तुम्हाला खुशाल आत नेतो. कॅमेऱ्यासमोरून गेलात की दंड, आणि प्रत्येक दंडासाठी गाडीवाली कंपनी तुमचं नाव कळवण्याची फी कापते. परदेशी माणसाला ३६० दिवसांपर्यंत नोटीस पाठवता येते, म्हणून वर्षभर ते कार्ड आणि बुकिंगचा ईमेल बंद करू नका. नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत भरलं तर बहुतेक दंडांत ३० टक्के सूट मिळते.

फ्लोरेन्ससाठी ए१ हायवेवरच व्हिला कोस्तान्झा पार्किंग आहे. गाडी तिथे ठेवा आणि ट्रामने गावात जा. व्हेरोनाचं हॉटेल आतल्या भागात असेल तर गाडीचा नंबर आधी कळवा, ते नोंदवून देतात.

वेग : इटली आणि ऑस्ट्रियात हायवेला १३०, इटलीत पाऊस असेल तर ११०, स्वित्झर्लंडमध्ये १२०. जर्मनीत जिथे पाटी नाही तिथे १३० चा सल्ला आहे, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे उजव्या लेनमध्ये चालायचं आणि डावी फक्त ओव्हरटेकला. समृद्धीवर लोक आतल्या लेनमध्ये ८० ने आरामात चालतात, ती सवय तिथे जिवावर बेतेल. उजवीकडून ओव्हरटेक तर मुळीच नाही. वाहतूक तुंबली की सगळ्यात डावी लेन डावीकडे आणि बाकीच्या उजवीकडे सरकतात, मधून अ‍ॅम्ब्युलन्सला वाट राहते. गाड्या थांबायच्या आधीच सरकायचं. वस्तीत पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपल्याकडे मोठी गाडी आधी जाते, त्यामुळे पहिले दोन दिवस हे मुद्दाम लक्षात ठेवावं लागतं.

---

मनीषनगर_वाटसरू

मेधाताई, काका, सगळ्यांचे मनापासून आभार. बुकिंग बायकोच्या नावाने करतो. आणखी दोन शंका : दोघांनाही ऑटोमॅटिकची सवय आहे, ती सहज मिळते का? आणि चार मोठ्या बॅगा गोल्फ वर्गाच्या गाडीत बसतील का?

---

रविनगरकर

ऑटोमॅटिक मिळते, पण युरोपात स्वस्त वर्गात मॅन्युअलच जास्त, म्हणून शोधतानाच फिल्टर लावा आणि व्हाउचरवर ‘ऑटोमॅटिक’ लिहिलेलं आहे हे बघा. डावीकडे स्टीअरिंग, उजवीकडे रस्ता आणि वर उजव्या हाताने गिअर, हे तिन्ही एकदम नको. थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

चार बॅगा बसणार नाहीत. गोल्फची डिकी सुमारे ३८० लिटरची, दोन मोठ्या आणि एखादी छोटी एवढीच मावते. त्याच गाडीचं इस्टेट (मागे लांब डिकीचं) मॉडेल घ्या, तिथे ६०० लिटरच्या वर जागा आहे. सीटवर बॅग ठेवून गाडी रस्त्यावर लावलीत तर काच फुटण्याची भीती असते, आणि काचेचं कव्हर नसेल तर काय होतं ते वर आलंच आहे.

---

मेधा_त्रिमूर्तीनगर

चावी घेतल्यावर पार्किंगमधून बाहेर पडण्याआधी पंधरा मिनिटं द्या. व्हिडिओ चालू करून गाडीभोवती सावकाश फिरा. बंपरच्या खालची कड, चारही रिम, आरशांची पाठ, समोरच्या काचेवरचे टिपके, मग छत. प्रकाश कमी असेल तर टॉर्च लावा. करारावरच्या चित्रात नसलेला प्रत्येक ओरखडा काउंटरवर परत जाऊन लिहून घ्या, नुसत्या व्हिडिओवर भागवू नका. मीटर आणि इंधनाचा काटाही टिपा. डिकीत त्रिकोण आणि चमकणारी जॅकेटं आहेत ना, ते बघा. इटलीत हायवेवर बिघडलेल्या गाडीतून उतरताना जॅकेट अंगात लागतं.

इंधनाच्या झाकणाच्या आत खूण असते : गोलात ई५ किंवा ई१० असेल तर पेट्रोल, चौकोनात बी७ असेल तर डिझेल. पंपाच्या नोझलवर तीच खूण असते, जुळवून मगच भरा. चुकीचं भरलं गेलं तर इंजिन सुरूच करू नका, कंपनीला फोन करा. इटलीत ‘सेल्फ’ लिहिलेल्या पंपावर लिटरमागे बरेच पैसे वाचतात.

परत देताना पॉलिसी ‘फुल टू फुल’ असेल तर म्युनिकच्या जवळच्या पंपावर टाकी भरून पावती ठेवा. ऑफिस उघडं असतानाच द्या आणि माणसाकडून ‘नुकसान नाही’ असं लिहून घ्या. रात्री चावी पेटीत टाकून गेलात तर सकाळी तपासणी होईपर्यंत जबाबदारी तुमचीच. भाडं २४ तासांच्या हिशेबाने लागतं. सकाळी ११ ला घेतलेली गाडी अकराव्या दिवशी दुपारी १ ला दिलीत तर आणखी एका दिवसाचं भाडं लागू शकतं. म्हणून बुकिंग करतानाच दोन्ही वेळा विमानाच्या वेळेशी जुळवा आणि येतानाचा फ्लाइट नंबर टाका, म्हणजे दोह्याचं विमान उशिरा आलं तरी ‘आलेच नाहीत’ म्हणून गाडी दुसऱ्याला देण्याची शक्यता कमी होते.